मधुमेहींचे एलडीएल ‘नॉर्मल’ येते तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहाविषयी वृत्तपत्रांतून भरपूर छापून येते, पण त्यातले बहुतेक लिखाण साखरेपाशी सुरू होते आणि साखरेपाशीच संपते. उपाशीपोटी किती, जेवणानंतर दोन तासांनी किती, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) किती. हे आकडे महत्त्वाचेच आहेत. डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांचे भवितव्य बरेचसे त्यांवर ठरते. मात्र मधुमेही माणूस दगावतो तो बहुधा हृदयविकाराच्या झटक्याने किंवा पक्षाघाताने, आणि त्या दोन्हींच्या मुळाशी असलेल्या धमन्यांच्या आजारात रक्तातल्या चरबीचा वाटा मोठा असतो. तिच्याविषयी जे सांगितले जाते ते ‘तेलकट कमी करा’ एवढ्यावर आटोपते. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची कल्पना आहे, पण विषय दोन ओळींत मावणारा नाही.

दोन माणसांच्या लिपिड प्रोफाइलचे, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचे, कागद शेजारी ठेवू. आकडे सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोघांचेही एकूण कोलेस्टेरॉल १९०. पहिल्याला मधुमेह आहे. त्याची ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली साधी चरबी) २६०, एचडीएल (‘चांगले’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ३४ आणि एलडीएल १०४. दुसऱ्याला मधुमेह नाही. त्याची ट्रायग्लिसराइड्स १००, एचडीएल ५५ आणि एलडीएल ११५. ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणून ज्याचा एवढा बोभाटा झाला आहे ते एलडीएल मधुमेहीचेच कमी दिसते. रिपोर्टवर त्या रकान्यात तारा किंवा ठळक अक्षर नाही, त्यामुळे घरातले सगळे निर्धास्त होतात. आता एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. मधुमेहीचे उरतात १५६, दुसऱ्याचे १३५. चित्र उलटे झाले. हा जो आकडा उरला तो नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल. रक्तातून चरबी वाहून नेणारे जे कण धमनीच्या भिंतीत घुसू शकतात, त्या सगळ्यांमधले कोलेस्टेरॉल त्यात येते, एकट्या एलडीएलमधले नव्हे.

हे असे का होते, ते नीट पाहण्यासारखे आहे. निरोगी शरीरात जेवणानंतर इन्शुलिन वाढले की चरबीच्या पेशी आपला साठा बाहेर सोडणे थांबवतात. टाइप २ मधुमेहात, विशेषतः पोटाचा घेर वाढलेला असेल तर, या पेशी इन्शुलिनला दाद देत नाहीत. फॅटी ॲसिड्स रक्तात पाझरत राहतात आणि यकृतात पोहोचतात. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड्स बनवते. त्यातली काही तिथेच साठतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ असे लिहून येते आणि ज्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, ते हेच. बाकीची व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून यकृत रक्तात सोडते. जास्तीच्या साखरेपासूनही यकृत नवी चरबी तयार करते, ती भर वेगळीच. म्हणजे आवक वाढलेली.

निचरा मात्र मंदावलेला असतो. स्नायू आणि चरबी यांतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या बाजूला लायपोप्रोटीन लायपेज नावाचे एंझाइम असते. ते व्हीएलडीएलमधली ट्रायग्लिसराइड्स फोडून पेशींना देते. चरबीच्या पेशींतले हे एंझाइम इन्शुलिनच्या जोरावर चालते. मधुमेहात तो जोर कमी पडतो, शिवाय एपो-सी-थ्री हे त्याला अटकाव करणारे प्रथिन वाढलेले असते. कण अर्धवट रिकामे होऊन रक्तात रेंगाळतात.

खरी गोम पुढे आहे. सीईटीपी नावाचे एक प्रथिन कणाकणांमध्ये अदलाबदल घडवते: व्हीएलडीएलमधले ट्रायग्लिसराइड एलडीएल आणि एचडीएलला देते, त्यांच्याकडचे कोलेस्टेरॉल व्हीएलडीएलला. ट्रायग्लिसराइडने भरलेले एलडीएल यकृतातल्या लायपेजच्या तावडीत सापडते आणि चरबी गमावून लहान, घट्ट होते. एचडीएलचेही तसेच होते. लहान झालेले एचडीएल लवकर मोडते, त्याचे मुख्य प्रथिन मूत्रपिंडावाटे निघून जाते आणि रिपोर्टात एचडीएल कमी दिसते. ट्रायग्लिसराइड्स जास्त, एचडीएल कमी आणि एलडीएल लहान व घट्ट हे त्रिकूट असे एकाच बिघाडातून निघते. तीन वेगवेगळे दोष नव्हेत ते.

लहान एलडीएलच्या प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी मावते. त्यामुळे तेवढेच कोलेस्टेरॉल वाहायला जास्त कण लागतात. दोनशे माणसे चार पीएमपी बसमधून गेली काय आणि शंभर दुचाकींवरून गेली काय, माणसे तेवढीच; सिंहगड रस्त्यावरची कोंडी मात्र वाहनांच्या संख्येवर ठरते. रिपोर्टातले एलडीएल माणसे मोजते. धमनीला त्रास होतो तो कणांच्या संख्येचा. प्रत्येक व्हीएलडीएल, प्रत्येक अर्धवट रिकामा कण आणि प्रत्येक एलडीएल यांवर एपो-बी या प्रथिनाचा नेमका एकच रेणू असतो, म्हणून एपो-बी मोजले की कणांची संख्याच कळते. ही चाचणी मोठ्या लॅबमध्ये होते, पण तिचे वेगळे पैसे पडतात. नॉन-एचडीएल ही तिची बिनपैशाची, कामचलाऊ आवृत्ती.

आता भिंतीकडे. चरबी धमनीच्या पोकळीत साचत नाही, अस्तराखाली, भिंतीच्या आतल्या थरात साठते. सुमारे ७० नॅनोमीटरपेक्षा लहान असलेले कण अस्तर ओलांडून आत जाऊ शकतात. एलडीएल २० ते २५ नॅनोमीटरचे, तेव्हा ते सहज जाते. आत प्रोटिओग्लायकन नावाच्या जाळीला ते चिकटते, आणि लहान एलडीएल अधिक घट्ट चिकटते. तिथे अडकलेल्या कणाचे ऑक्सिडीकरण होते. मधुमेहात भरीस भर म्हणून त्याच्यावर साखरही चढलेली असते, त्यामुळे यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर त्याला नीट ओळखत नाहीत आणि ते रक्तात जास्त काळ फिरते. शरीराच्या लेखी असा बिघडलेला कण परका. पांढऱ्या पेशी तो गिळत सुटतात, त्यांना ‘पुरे’ म्हणणारी यंत्रणा नसते, आणि त्या चरबीने फुगून फेसाळ पेशी होतात. त्या मेल्या की मऊ गाभा तयार होतो, वर तंतूंचे झाकण येते. हा झाला प्लाक. अर्धवट रिकाम्या व्हीएलडीएलला तर ऑक्सिडीकरणाचीही गरज नसते. त्याला पांढऱ्या पेशी तसेच गिळतात, आणि त्याच्या एका कणात एलडीएलच्या कणापेक्षा जास्त कोलेस्टेरॉल असते.

याउलट काही दुर्मीळ आनुवंशिक विकारांत ट्रायग्लिसराइड्स हजारांत जातात, रक्त दुधाळ दिसते, पण तिथे मुख्य भीती स्वादुपिंडाला सूज येण्याची. कारण ते कण इतके मोठे असतात की धमनीच्या अस्तरातून आत शिरूच शकत नाहीत. ट्रायग्लिसराइड्सचा आकडा स्वतः गुन्हेगार नाही. त्याच्यासोबत फिरणारे छोटे कण गुन्हेगार आहेत. औषधांच्या बाबतीत हा फरक फार कामाचा ठरतो, त्याकडे पुढे येऊ.

झटका येतो तो बहुतेक वेळा झाकण फाटल्याने. गाभा रक्ताच्या संपर्कात आला की मिनिटांत गुठळी होते. मधुमेहात बिंबिका (प्लेटलेट्स) आधीच चिकट झालेल्या असतात आणि गुठळी विरघळवणारी यंत्रणा मंद असते. फाटणारा प्लाक कित्येकदा पोकळीचा अर्धाही भाग अडवत नसतो. म्हणूनच ‘गेल्या महिन्यात तर स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती’ हे वाक्य इतक्या घरांतून ऐकू येते. मधुमेहींमध्ये हा आजार एका जागी न राहता धमनीच्या लांबीभर पसरतो आणि बारीक फांद्यांपर्यंत जातो. अशा वेळी स्टेंट पुरत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ या चाचणीत अनेक धमन्या बाधित असलेल्या मधुमेहींना अँजिओप्लास्टीपेक्षा बायपासने जास्त फायदा झाला. आणि नसा बधिर झाल्याने छातीत दुखेलच असे नाही. अचानक दम लागणे, दरदरून घाम, मळमळ, कारण नसलेला गळाठा एवढेच लक्षण असू शकते. ॲसिडिटी समजून इनो घेऊन बसू नये.

‘आमच्याकडे कोणी जाड नाही’ हा पुण्यात हमखास ऐकू येणारा युक्तिवाद. त्याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या याज्ञिक यांच्या अभ्यासात दिसले की आपली बाळेसुद्धा वजनाने कमी, पण चरबीच्या बाबतीत तितकी कमी नसतात. तेव्हा वजनकाट्यापेक्षा कमरेभोवतीची टेप बघा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. मोजायची बेंबीच्या वर, शेवटची फासळी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, पँट बहुतेकांची पोटाखाली असते. दक्षिण आशियात पहिला झटका येण्याचे वय इतर जगापेक्षा पाच-सहा वर्षे अलीकडे आहे, हे ‘इंटरहार्ट’ या बावन्न देशांतल्या अभ्यासाने दाखवले आहे.

किती असावे, हा पुढचा प्रश्न. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत मधुमेहींना जास्त जोखमीच्या गटात धरले आहे: एलडीएल ७० च्या खाली, नॉन-एचडीएल १०० च्या खाली. आधी झटका, अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणे), पक्षाघात होऊन गेला असेल किंवा मूत्रपिंडाचा जुनाट आजार असेल तर एलडीएल ५५ आणि नॉन-एचडीएल ८५ च्या खाली. आता वरचा पहिला कागद पुन्हा वाचा. एलडीएल १०४, नॉन-एचडीएल १५६. एकही लक्ष्य गाठलेले नाही, आणि रिपोर्टवर छापलेल्या ‘१०० ते १२९ जवळजवळ योग्य’ या सर्वसाधारण पट्टीमुळे तो माणूस खुशाल आहे.

शिवाय ते १०४ मोजलेले असेलच असे नाही. बऱ्याच लॅब १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने एलडीएल काढतात: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल, वजा ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग. २६० चा पाचवा भाग ५२. १९० वजा ३४ वजा ५२ बरोबर १०४. पाचने भागणे हा ठोकताळा आहे. ट्रायग्लिसराइड्स वाढली की तो चुकू लागतो, आणि चुकतो तो एलडीएल कमी दाखवण्याच्या दिशेने. ४०० च्या पुढे हे सूत्र वापरूच नये. म्हणजे ज्या रुग्णाला अचूक आकड्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच बाबतीत तो डळमळीत. वजाबाकीने काढलेल्या नॉन-एचडीएलला हा दोष लागत नाही. जेवून तपासले तरी नॉन-एचडीएल फारसे बदलत नाही.

त्यावरून उपाशी राहण्याचे. रविवारी सकाळी लॅबबाहेरच्या रांगेत मधुमेही मंडळी रात्रीपासून उपाशी, काहीजण सवयीने सकाळची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उभी असतात. साखर उतरून घेरी येण्याचा हा हुकमी मार्ग. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा जेवणाआधीचे इन्शुलिन रक्त देऊन झाल्यावर, खाताना घ्यायचे. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची. लिपिड प्रोफाइल पहिल्यांदा उपाशी नसतानाही चालते. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर आली तरच उपाशीपोटी परत करावे. आदल्या दोन-तीन दिवसांत मद्य नको. ताप, शस्त्रक्रिया किंवा मोठे आजारपण यांनंतर काही आठवडे कोलेस्टेरॉल खोटे कमी येते, तेव्हा त्या काळातल्या आकड्यावर समाधान मानू नये. आकडे अनपेक्षित वाढलेले असतील तर औषध वाढवण्याआधी टीएसएच करावी. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स दोन्ही चढतात. साखर फार वाढलेली असेल तर ती आटोक्यात आल्यावर ट्रायग्लिसराइड्स बरीच खाली येतात. लघवीतून प्रथिने जाणे, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि रोजचा ‘थोडासा’ पेग हीही कारणे शोधावीत.

औषधांत पहिला मान स्टॅटिनचा, म्हणजे एलडीएल उतरवणाऱ्या गोळ्यांचा, आणि याबाबत हे पत्र लिहिणाऱ्या आम्हा तिघांत तरी दुमत नाही. २००४ च्या ‘कार्ड्स’ चाचणीत हृदयविकार नसलेल्या २,८३८ मधुमेहींपैकी निम्म्यांना ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिले. झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या आणि फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी दोन वर्षे आधी थांबवली. त्यांतल्या कोणाचेही एलडीएल सुरुवातीला १६० च्या वर नव्हते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. अनेक चाचण्या एकत्र केल्या तर एलडीएल सुमारे ३९ ने उतरले की मधुमेहींतल्या मोठ्या घटना पाचव्या हिश्शाने घटतात. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेहींना म्हणूनच एलडीएल कितीही असले तरी स्टॅटिन सुचवले जाते: जोखीम मध्यम असेल तर ॲटोर्व्हास्टॅटिन १०-२० किंवा रोसुव्हास्टॅटिन ५-१०, जास्त असेल तर ॲटोर्व्हास्टॅटिन ४०-८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २०-४०. डोस दुप्पट केल्याने एलडीएल फक्त सहा टक्क्यांच्या आसपास आणखी उतरते, त्यामुळे लक्ष्य गाठले नाही तर नुसता डोस चढवत राहण्यापेक्षा एझेटिमाइब हे दुसरे औषध १० मिलिग्रॅम जोडणे शहाणपणाचे. त्याने आणखी वीस टक्के मिळतात. सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासणी, मग वर्षातून एकदा. ॲटोर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रांत अगदी स्वस्त मिळते. गरोदर असलेल्या किंवा मूल हवे असलेल्या स्त्रियांनी मात्र डॉक्टरांशी बोलूनच.

बिघडते कुठे? रिपोर्ट चांगला आला की गोळी बंद होते. तो गोळीमुळे चांगला आलेला असतो. बंद केल्यावर काही आठवड्यांत आकडे मूळ जागी. दुसरे कारण व्हॉट्सॲप. ‘स्टॅटिनने साखर वाढते’ हे अर्धे खरे: मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत निदान थोडे लवकर होते, आणि आधीच मधुमेह असलेल्यांत एचबीएवनसी साधारण एक दशांश टक्क्याने वाढते. त्यासाठी झटक्यापासूनचे संरक्षण सोडणे हा तोट्याचा सौदा आहे. ‘लिव्हर खराब होते’ म्हणून बंद करणारे बरेच; एसजीपीटी (यकृताची रक्तचाचणी) सामान्य मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त वाढून तशीच राहिली तरच थांबायचे. फॅटी लिव्हरमुळे ती किंचित वाढलेली असते आणि ते स्टॅटिन टाळण्याचे कारण नाही. अंगदुखीचे म्हणाल तर २०२० च्या ‘सॅमसन’ चाचणीत स्टॅटिन सोडून दिलेल्या लोकांना काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे दिले. त्रासाची सरासरी गोळी नसताना ८, खोट्या गोळीवर १५.४ आणि स्टॅटिनवर १६.३ आली. त्रास खरा होता, पण बहुतांश गोळी घेण्याच्या धास्तीचा. अर्थात दोन्ही मांड्या-खांद्यांत सारख्या वेदना, जिना चढताना अशक्तपणा किंवा गडद लघवी असेल तर गोळी थांबवून सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्तचाचणी) तपासावी. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक सुरू होताना ‘मी ॲटोर्व्हास्टॅटिन घेतो’ हे सांगावे, कारण त्याने रक्तातले स्टॅटिन वाढते. ट्रायग्लिसराइड्स उतरवणारे जेमफायब्रोझिल आणि स्टॅटिन एकत्र तर नकोच.

ट्रायग्लिसराइड्स वाढलेली दिसली की ती उतरवणारे फेनोफायब्रेट द्यायचे, ही आपल्याकडची सवय पुन्हा तपासण्याजोगी आहे. २०२२ च्या ‘प्रॉमिनंट’ चाचणीत दहा हजारांहून अधिक मधुमेहींना त्याच कुळातले पेमाफायब्रेट दिले. ट्रायग्लिसराइड्स २६ टक्क्यांनी उतरली, झटके काही कमी झाले नाहीत. कारण एपो-बी उतरलेच नाही, उलट किंचित वाढले. कणांची संख्या तीच राहिली, फक्त त्यांतला माल बदलला. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या पुढे असतील तर स्वादुपिंड वाचवण्यासाठी फायब्रेट हवेच. त्याखाली आधी स्टॅटिन, साखर आणि ताट. एचडीएल वाढवण्याच्या नायसिननेही २०१४ पर्यंत दोन मोठ्या चाचण्यांत निराशाच केली. फिश ऑइलच्या पारदर्शक कॅप्सूलवर जे पैसे जातात त्यांचेही तेच: ‘असेंड’ या १५,४८० मधुमेहींच्या चाचणीत रोज एक ग्रॅमने काही साधले नाही.

ताटाबद्दल. आपल्या शाकाहारी घरांत ट्रायग्लिसराइड्स वाढतात ती तेलापेक्षा पिष्टान्नाने. सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि वर भात, संध्याकाळी चहाबरोबर खारी, रात्री पुन्हा पोळी-भात. उपासाला तर एकादशी आणि दुप्पट खाशी: साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात बटाटा, वर तूप, सोबत केळे. त्यापेक्षा दही, काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याची एखादी भाकरी, मूठभर दाणे बरे. गूळ, मध आणि फळांचा रस मधुमेहींना ‘चालतो’ हा गैरसमज यकृताला मान्य नाही. भाताची वाटी एक करून वरणाच्या वाट्या दोन कराव्यात. उसळ रोज असावी. वजन पाच ते दहा टक्के उतरले तर ट्रायग्लिसराइड्स साधारण वीस टक्के उतरतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाने साडेतीन ते सात किलो.

एलडीएलचा शत्रू वेगळा: संपृक्त चरबी आणि ट्रान्स फॅट. चहाच्या एका चमच्यात साधारण पाच ग्रॅम तूप मावते, त्यात तीन ग्रॅम संपृक्त चरबी. दिवसाची मर्यादा वीस ग्रॅमच्या आत धरली तर वरणावरचे एक-दोन चमचे बसतात, पण दूध-साय, चीज, बटर यांचा हिशेब त्याच खात्यात मांडायचा. ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. बरणीतून वजनावर मिळणाऱ्या खारी-नानकटाईला मात्र लेबल कुठले? तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणे टाळावे. घरातले तेल माणशी महिना अर्धा लिटर पुरवावे. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख घालावी, म्हणजे भांडण आकड्यावर होते. आणि तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ लिहिलेले पाहून भुलू नये. वनस्पतीत कोलेस्टेरॉल जवळपास नसतेच, डालड्यातही नव्हते.

शेवटी पाय, कारण ते सगळ्यांत उशिरा पाहिले जातात. ठरावीक अंतर चालल्यावर पिंढरीत गोळे येऊन दुखणे आणि उभे राहिल्यावर दोन-चार मिनिटांत थांबणे, हे धमनीचे दुखणे. मणक्याचे असेल तर नुसते उभे राहून भागत नाही, बसावे किंवा वाकावे लागते. मधुमेहात गुडघ्याखालच्या धमन्या आधी जातात, आणि नसा बधिर असतील तर दुखतही नाही. नडगीवरचे केस जाणे, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार लागणे, दोन आठवड्यांत न भरणारी जखम ही लक्षणे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून काढलेले गुणोत्तर ०.९ किंवा कमी आले तर धमनी अडलेली आहे. ते १.४ च्या वर आले तर खूश होऊ नये. धमनीत कॅल्शियम साचून ती दबत नाही, म्हणून आकडा फुगतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो. तंबाखू सोडणे इथे औषधाइतकेच मोलाचे आहे, आणि त्यात बायकांची मिश्रीही धरावी. ‘मी काही ओढत नाही’ म्हणणाऱ्या आजींच्या डबीत तीच असते.

पुण्यातल्या लॅबचालकांना आमची एक विनंती आहे. लिपिड प्रोफाइलमध्ये नॉन-एचडीएलची स्वतंत्र ओळ छापा. एलडीएल सूत्राने काढले की थेट मोजले, ते लिहा. आणि सर्वसाधारण पट्टीच्या शेजारी ‘मधुमेह असल्यास एलडीएल ७० व नॉन-एचडीएल १०० च्या खाली’ एवढे छापा. काही लॅब हे करतात. बाकीच्यांना नवे यंत्र, नवे रसायन काहीच लागणार नाही, आणि वजाबाकीचे वेगळे शुल्क लावण्याचेही कारण नाही.

आपले,
मधुमेहोपचार, पॅथॉलॉजी व आहारशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे तिघे,
पुणे